शून्य टक्क्यांची शेड

४ मार्च, सोमवार

आज सकाळी माझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली नेली. न विचारता, न सांगता, भर ऑफिसात. बारा वर्षं ती माझ्या डाव्या पायाशी बसून होती. मी लिहिलेल्या प्रत्येक भाषणाचा पहिला मसुदा तिने गिळला, आणि माझं लेखन इतक्या निमूटपणे या कंपनीत दुसऱ्या कोणीही स्वीकारलेलं नाही. टोपलीच्या जागी फरशीवर एक गोल पांढरा डाग उरलाय. मी त्याकडे पाहून दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात केळं खाऊन झालं आणि प्रश्न पडला, साल कुठे टाकायची?

जिन्यापाशी चार रंगांचे चार डबे आलेत. हिरव्यावर पानाचं चित्र आहे, केळ्याचं नाही. रखवालदार म्हणाला, "साहेब, ते ओलं आहे. ओलं तळमजल्यावर." तळमजल्यावरचा डबा अजून यायचाय. साल रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तासाभराने संचालकसाहेबांनी बोलावलं, आणि त्यांच्यासमोर मी ऐटीत पेन काढायला गेलो तर साल बाहेर आली. साहेबांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दोन्हींत त्यांना फार फरक वाटला नसावा.

"तुमच्यासारखी माणसंच ही मोहीम यशस्वी करतील," म्हणाले.

मोहीम म्हणजे पुनर्वापराची. आपला देश डोंगर पोखरतो, तांबं काढतो, जहाजात भरून पाठवून देतो, आणि तिकडून त्याच तांब्याच्या तारा, मोटारी, पंखे चौपट भावाने मागवतो. हे आजोबांच्या काळापासून चाललंय. आता आमचे परदेशी खरेदीदार विचारायला लागलेत, की तुम्ही नुसतं खणता, वापरलेलं पुन्हा वापरता किती? उत्तर टक्क्यांत हवंय. मेअखेर ते स्वतः बघायला येणार. परवा साहेबांचं भाषण आहे, आणि त्यांना एक वाक्य हवंय. "एकच, पण लोकांच्या तोंडी बसेल असं. तुमचं कामच ते."

माझं काम तेच आहे. दुपारी खिडकीशी बसून लिहिलं: "जे गेलं आणि परत आलं, तेच खरं."

त्याचा अर्थ काय असं कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कानाला गोड लागत होतं.

६ मार्च, बुधवार

टाळ्या. खऱ्याखुऱ्या, मागच्या रांगेतूनसुद्धा. साहेबांनी वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. नंतर चहाच्या वेळी आकडेबाई उभ्या राहिल्या. त्यांना सगळे आकडेबाई म्हणतात, कारण कंपनीतला प्रत्येक टक्का त्यांच्या टेबलावर जन्माला येतो. म्हणाल्या, "पण साहेब, पुनर्वापर मोजायचा कसा? व्याख्या काय धरू?"

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "वाक्यातच आहे की! फाटकातून भंगार म्हणून गेलं, भट्टीत वितळून फाटकातून परत आलं, ते मोजा."

मी मान डोलावली. आपल्या वाक्यात एवढं सामान भरलंय हे मलाही तेव्हाच कळलं. पण लेकराचं कौतुक चाललेलं असताना बाप काय बोलणार?

१० मार्च, रविवार

लग्न न केल्याचा मला एकच तोटा झालाय, रविवारचं जेवण. तो तोटा ताई भरून काढते. तिचं घर खाणीच्या वसाहतीच्या पार टोकाला, जुन्या दुरुस्ती शेडच्या भिंतीला लागून. दाजी त्याच शेडचे मुकादम. पाचजणांवर हुकूम चालवतात, पण आवाज पन्नासांवर चालवल्यासारखा.

शेडमध्ये पंपाची चाकं दुरुस्त होतात. खाणीच्या तळाशी सतत पाणी साचतं, ते पंप वर फेकतात, आणि पाण्यातली वाळू पंपातल्या लोखंडी चाकाला खाऊन टाकते. दाजी लोक त्या झिजलेल्या चाकावर वेल्डिंगची भर चढवतात, लेथवर घासून मापात आणतात आणि पुन्हा पंपात बसवतात. प्रत्येक खेपेला चाकाच्या कडेवर छिन्नीने एक ठिपका मारतात.

"नऊ ठिपक्यांचं एक चाक आहे माझ्याकडे," दाजी घास हातातच धरून म्हणाले. "नऊ वेळा मेलं, नऊ वेळा उठलं. कारखान्यातून नवं आलं तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते, मेहुणे."

"आणि माझं शिवणयंत्र?" ताई आतून. "ते एकदाच मेलं. तुम्ही उघडलं त्या दिवशी."

"त्याला तेल कमी पडलं."

"त्याचे चार स्क्रू जास्त पडले. अजून डब्यात आहेत."

हे खरंय. दाजी शेडमध्ये जे काही करत असतील ते असो, या घरात त्यांनी हात लावलेली एकही वस्तू धड चालत नाही. घड्याळ मागे, नळ गळका, आणि दाराची कडी फक्त त्यांनाच उघडते.

मग दाजींनी भिंतीकडे बोट केलं. शेडच्या भिंतीवर कालच माझं वाक्य रंगवलंय, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. "हे कोणी लिहिलं असेल हो? कोणीतरी भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा गल्लीला वळसा घालणारा माणूस असणार."

मी म्हटलं, समिती असते अशा कामांना.

"समिती," दाजी म्हणाले. ताईने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. मी मागितली नव्हती. मीठ खरंच कमी होतं, म्हणून मी लोणचं मागून घेतलं.

१९ मार्च, मंगळवार

आकडेबाईंनी पहिला तक्ता आणला. भंगार यार्ड: इतके टक्के. कागद: इतके. जुनी दुरुस्ती शेड: शून्य.

"शून्य कसं?" मी विचारलं. "तिथे दिवसभर तेच तर चालतं."

"चाकं फाटकाबाहेर जातच नाहीत. भंगार झालं असं कोणी कधी म्हटलंच नाही. गेलं नाही, त्यामुळे परत आलं नाही." बाई आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे त्यांचं जास्त लागतं. "तुमच्या वाक्याप्रमाणे तिथे काहीच होत नाही."

बैठकीत साहेबांनी तक्ता पाहून भुवया उंचावल्या. "सहा माणसं, एक लेथ, एवढी वीज, आणि योगदान शून्य? काय करतात काय तिथे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझी बहीण त्या शेडच्या सावलीत राहते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी उत्तर देऊ शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं, आणि वाक्यंच तर मला येतात.

मी म्हटलं, "साहेब, तिथे गेलेला माणूससुद्धा परत येत नाही. आमचे दाजी जेवायला म्हणून निघतात आणि तास तास शेडातच असतात."

खसखस पिकली. साहेब तर खोकेपर्यंत हसले. आकडेबाई हसल्या नाहीत, त्यांनी शून्याखाली रेघ ओढली.

विनोद चांगला होता. घरी येईपर्यंत चांगलाच वाटत होता. घरी आल्यावर हात धुताना वाटलं, साबण फारच लागतोय आज.

२४ मार्च, रविवार

शेड पुढच्या महिन्याच्या मध्यात बंद. माणसं भंगार यार्डात.

दाजींना नोटीस कळली होती. मला वाटलं घरात सुतक असेल, तर ते ऐन रंगात. "अहो, आम्ही शून्य आहोत म्हणे! तीस वर्षं काम केलं, हातात भोपळा. मी हिला म्हटलं, मुलीच्या सासरी सांगू नकोस, जावई तिला शून्याची पोरगी म्हणेल."

"तुम्ही कोणाशी बोललात का?" मी विचारलं.

"कोणाशी बोलणार? आमचं ऑफिसात कोण आहे?"

असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, मोजून, सगळा प्यायले. ताई दारात उभी होती. दोघेही काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे. बहुधा नळ गळत होता तो ऐकत असावेत. मला जरा संकोचल्यासारखं झालं, म्हणून मी पावसाचा विषय काढला. त्यांना कशाचाच संशय नाही, हे एक बरं आहे. संशय असता तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

निघताना ताईने डबा बांधून दिला. नेहमीपेक्षा मोठा होता. डबा जड लागला की मला हल्ली उगाचच शेडचं वजन किती असेल असं वाटतं.

२ एप्रिल, मंगळवार

गेलो एकदाचा साहेबांकडे. म्हटलं, व्याख्येत थोडी दुरुस्ती करू. जे मोडलं आणि न टाकता दुरुस्त केलं, तेही मोजू. उलट तेच आधी मोजायला हवं. वितळवायला कोळसा लागतो, वेल्डिंगला मूठभर सळ्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नाहीत, हे लिहून ठेवतो, कारण वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुमचं बरोबर आहे," म्हणाले. "आता मला सांगा, तसं मोजलं तर आपली टक्केवारी किती येईल?"

"फार चांगली येईल."

"आज?"

"आजच."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही. वीस वर्षांपासून."

"मग आपण मेअखेरीला पाहुण्यांना दाखवायचं काय?" साहेबांनी हात पसरले. "सुरुवातीला बारा होतो, मोहीम केली, चाळीस झालो. ह्याला प्रगती म्हणतात. पहिल्यापासून साठ होतो आणि साठच आहोत, ह्याला काय म्हणतात? प्रगती दाखवायची तर सुरुवात वाईट असावी लागते हो. तुम्ही लिहिणारे आहात, तुम्हाला मी काय सांगणार."

मला पटलं. हेच तर वाईट. दाराबाहेर येईपर्यंत मला पूर्णपणे पटलेलं होतं, आणि जिना उतरताना एकेक पायरीगणिक पटेनासं होत गेलं. पण तोवर मी तळमजल्यावर होतो आणि साहेब तिसऱ्यावर. पुन्हा तीन मजले चढून जायला माझे गुडघे तयार नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत.

१५ एप्रिल, सोमवार

शेडला कुलूप. दाजी आणि पाचजण सकाळपासून यार्डात. ज्या हातांनी भर चढवायची, त्याच हातात गॅस कटर दिलाय. हातपंप, खांब, जुन्या ट्रॉल्या, समोर येईल ते कापायचं, काट्यावर चढवायचं, ट्रकमध्ये भरायचं. वजन वाढलं की टक्के वाढतात.

यार्डाच्या फलकावर आजचा आकडा खडूने लिहितात. संध्याकाळी एकवीस होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही, म्हणजे वाजवल्या असणार.

२१ एप्रिल, रविवार

आज दाजी गप्प.

ताईच्या घरी दाजी गप्प असण्याची मला सवय नाही. भांड्यांचे आवाज येतात, पंख्याची कुरकुर ऐकू येते. ताई म्हणाली, "वाढू का?" दाजींनी मान हलवली. हो की नाही तेही कळेना.

मी विचारलं, बरं नाही का?

"चाकं कापली," ताईच म्हणाली. "शेडच्या मांडणीवर अकरा चाकं तयार करून ठेवली होती. पंप बंद पडला तर लगेच बसवायला. वरून चिठ्ठी आली, शेडमधला सगळा माल यार्डात. टक्के चाळीस व्हायला थोडेच कमी पडत होते म्हणे."

"पण ती तर चालू चाकं! भंगार नव्हे!" मी म्हणालो.

"ह्यांनी विचारलं तिथल्या साहेबाला. तो म्हणाला, आमच्याकडे दोनच रकाने, गेलं आणि परत आलं. 'ठेवलंय' असा रकाना नाही."

दाजी उठले, नळाशी जाऊन हात धुतले. बराच वेळ. मग तिथूनच म्हणाले, "ते नऊ ठिपक्यांचं शेवटी घेतलं. कटर दोनदा विझला." एवढंच.

मी थांबायला हवं होतं. आज सांगायला हवं होतं की दाजी, ते दोन रकाने माझे आहेत. तोंड उघडलंही. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाढे म्हणताना पाहायची, पुढचा आकडा मला येतोय का बघत. मी म्हणालो, "उद्या लवकर ऑफिस आहे, निघतो."

२६ एप्रिल, शुक्रवार

चाळीस टक्के. साहेबांनी पेढे वाटायचं ठरवलं होतं, पण वेष्टणाचा कचरा होतो म्हणून फक्त अभिनंदन वाटलं. माझ्यासाठी बढतीची शिफारस आहे. आकडेबाई म्हणाल्या, "वाक्याचं फळ." मी आभार मानले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

२९ एप्रिल, सोमवार

सकाळी तळातल्या पंपाचं चाक फुटलं. मांडणीवर चाक नाही. नवं चाक परदेशातून मागवायचं तर जहाजाने दोन महिने. दुपारपर्यंत सगळ्यात खालच्या पातळीत गुडघाभर पाणी, संध्याकाळी छातीभर. माणसं सगळी वर आली, कोणाला इजा नाही. पण ती पातळी बंद. तिथे काम करणारे सगळे आजपासून घरी, बिनपगारी.

घरी येताना त्यांच्यातले काही फाटकाशी बसले होते. रबरी बूट शेजारी उलटे ठेवलेले, त्यातून पाणी निथळतंय. एकाने मला ओळखलं आणि नमस्कार केला. शिवी दिली असती तर जरा बरं वाटलं असतं.

३० एप्रिल, मंगळवार

साहेबांचा चेहरा उतरलाय. पाहुणे यायला महिना. निवेदन काढायचंय, आणि ते अर्थात मी लिहायचंय.

"कोणाची तरी चूक आहे," साहेब म्हणाले. "चालू चाकं कापली कोणी?"

"शेडच्या लोकांनी."

"मग तसं लिहा. कडक नको. खेद वगैरे घाला. दोघातिघांना निलंबित करू, पाहुणे गेले की परत घेऊ. गेले आणि परत आले!" आणि हसले. माझ्याच वाक्यावर हसले ते.

जेवणाच्या सुट्टीआधी मसुदा तयार होता. "चालू भाग आणि भंगार यांतील फरक न ओळखल्यामुळे दुरुस्ती शेडच्या कर्मचाऱ्यांकडून ही दुर्दैवी घटना घडली." खरं सांगायचं तर वाक्य फार सुरेख जमलंय. दुर्दैवी हा शब्द योग्य जागी पडला की सगळा दोष दैवावर जातो आणि नोकरी मात्र माणसाची जाते. मी ते दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतो. मला बरं वाटलं.

आकडेबाईंना वाचून दाखवलं. त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, "फरक ओळखायचा नाही, असं त्यांना कोणी सांगितलं होतं?"

"व्याख्येनं."

"व्याख्या बोलत नाही हो." डब्याचं झाकण लावलं. "तुमचे दाजी ना तिथले मुकादम?"

२ मे, गुरुवार

काल दिवसभर मसुदा खिशात होता. त्या केळ्याच्या सालीसारखाच. कुठल्या डब्यात टाकावा कळेना.

आज साहेबांपुढे दुसरा ठेवला. त्यात लिहिलंय की शेडच्या लोकांनी विचारलं होतं, त्यांना कापायलाच सांगितलं गेलं, कारण मोजण्याच्या पद्धतीत दुरुस्तीला जागा नव्हती. ती पद्धत एका वाक्यावरून ठरली, आणि ते वाक्य माझं. खाली माझं नाव, हुद्दा, सही. गद्य सामान्य आहे. एकही शब्द लक्षात राहण्यासारखा नाही.

मला वाटलं होतं साहेब संतापतील, मी बाणेदारपणे उभा राहीन, मग राजीनाम्याचं काहीतरी होईल. साहेबांनी वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं," म्हणाले. "एकच माणूस, तोही ऑफिसातला. युनियनचं लचांड नाही. तुम्ही फार सोपं केलंत."

बढती रद्द. एक तारखेपासून मी यार्डाच्या काट्यावर, वजनं लिहायला. चाकासाठी शेड उघडायची ठरलीय, कारण दोन महिने थांबणं परवडत नाही. मी विचारलं, मग आता शेड मोजायची कशी?

"मोजू नका," साहेब म्हणाले. "चालू ठेवा, आणि मोजू नका."

मोठ्या पश्चात्तापाने आलो होतो. तो माझ्या हातातून घेतला, ठप्पा मारला आणि फायलीत लावला.

५ मे, रविवार

ताईकडे जाताना वाटेत तीनदा थांबलो. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोललो: "ताई, दाजी, ते भिंतीवरचं मी लिहिलंय."

ताई म्हणाली, "हात धू आधी."

दाजी पाटावर बसलेले. म्हणाले, "मेहुणे, रंगाऱ्याने पहिलं अक्षर काढलं तेव्हाच तुमच्या बहिणीने ओळखलं. म्हणाली, हा आमचा शहाणा. याला लहानपणी बोरं चोरलीस का विचारलं तर म्हणायचा, बोरं आपणहून खाली येतात."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"आम्ही रोज बोलत होतो," ताई म्हणाली. "दर रविवारी. तुला वाढत होतो, थांबत होतो."

आठ रविवार. मी प्रत्येक वेळी पोटभर जेवलो.

दाजी म्हणाले, "निलंबन होणार होतं म्हणे आमचं?" मी मान खाली घातली. "ते तुम्ही थांबवलंत, असंही कळलं. ठीक आहे." त्यांनी 'ठीक आहे' असं म्हटलं की नक्की काय ठीक झालं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. जेवण झाल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "शेडमध्ये आलायत का कधी?"

बारा वर्षं मी या खाणीबद्दल लिहितोय. शेडची भिंत मला तोंडपाठ आहे. आत मी कधीच गेलो नव्हतो.

६ मे, सोमवार

गेलो. आत उजेड कमी, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. लेथवर अजून खडूची फुली होती. पुढच्या आठवड्यात तोच कापायचा होता. फुटलेल्या चाकाचे दोन तुकडे जोडून त्यावर भर चढवलेली, आता लेथवर घासकाम चाललेलं. लोखंडाचा कीस निळसर वेटोळ्यांनी खाली पडतो, पायांभोवती साचतो. पाचहीजण कामात. मी मधे उभा, पाहुण्यासारखा, म्हणजे सगळ्यांच्या वाटेत.

कीस उडेल म्हणून घाबरून मागे सरलो, खांबाला धडकलो, चष्मा पडला आणि काडी निखळली. दाजींनी हात पुढे केला. सुईएवढा स्क्रू काढला, बोटांच्या चिमटीत धरला, घुमवला. हेच ते हात, ज्यांनी शिवणयंत्राची वाट लावली. चष्मा परत माझ्या नाकावर ठेवताना म्हणाले, "घरचं सामान मला समजत नाही. त्याला चालू राहायची घाई नसते."

मी खिशात हात घातला.

"पैसे चालत नाहीत इथे," लेथवरचा माणूस म्हणाला. "घरची वस्तू दुरुस्त करून घेतली की पाळी संपल्यावर शेड झाडायची. जुना रिवाज आहे."

"एकदा साहेबांच्या मोटारीचा आरसा बसवला होता," दुसरा म्हणाला. "ते झाडायचे राहिलेत अजून."

हसले सगळे. दाजीही, तोंडातल्या तोंडात. मीही खराटा शोधू लागलो, तेवढ्यात फोन आला. पाहुण्यांच्या स्वागताचा मजकूर, एकतीस तारखेपर्यंत मी अजून त्याच खुर्चीत आहे ना. "येतो लगेच," म्हणालो आणि निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं.

८ मे, बुधवार

काल चाक बसलं. दुपारी पंप सुरू झाला, पाणी उतरतंय. पण लगेच उतरत नाही. खालची पातळी कोरडी व्हायला आणखी तीन आठवडे. तोवर ती माणसं घरीच. आजही काहीजण फाटकाशी होते. त्यांच्यासाठी मी काहीही केलेलं नाही, आणि काय करता येईल हेही मला सुचलेलं नाही. त्यांच्या समोरून जातो तेव्हा पाय आपोआप भरभर पडतात. आज हळू चाललो. त्याने त्यांना काय फरक पडणार!

आकडेबाईंना विचारलं, चाकाची नोंद कुठे केली? म्हणाल्या, "कुठे करू?" आणि थोड्या वेळाने, "मी वहीच्या मागच्या पानावर एक ठिपका काढून ठेवलाय. मोजला नाही."

पाळी संपायच्या वेळी शेडवर गेलो. दाजी दिवसभराच्या पराक्रमाचं वर्णन करत होते. ते चाक त्यांनी एकट्याने, एका हाताने, डोळे बांधून फिरवलं असं ऐकणाऱ्याला वाटावं. बाकीचे "हो का", "अरे वा" करत हात पुसत होते. त्यांचा आवाज ऐकून मी जरा वेळ दाराबाहेरच उभा राहिलो.

मग आत जाऊन खराटा घेतला. दाजींनी गोष्ट मधे तोडली नाही, फक्त पाय उचलून बाकावर ठेवले, झाडता यावं म्हणून. कीस दिसतो हलका, पण खराट्याला चिकटतो, एकमेकांत गुंततो, आणि हाताने सोडवायला गेलं की बोट कापतं. लेथच्या खाली वाकून झाडला, मांडणीखालचा काढला. मांडणी रिकामीच होती. पिंपात भरून झाकण लावलं.

"कोपरा राहिला, मेहुणे," दाजी म्हणाले.

कोपरा झाडला. खराटा दाराआड उभा करून ठेवला आणि बोट रुमालात गुंडाळून घरी आलो.